वीस पेल्यांची खूण

मित्रांनो, मी चहाच्या पाण्याचा एक जुना बंब आहे. अंग तांब्याचे, आतून कल्हई केलेली, खाली पितळी तोटी आणि वर लाकडी मुठीचे झाकण. माझ्या पोटात एकशेवीस पेले पाणी मावते. ऑस्ट्रेलियातल्या विराबील गावच्या सभागृहामागे एक लहान स्वयंपाकघर आहे, तिथल्या फळीवर मी जवळजवळ सत्तर वर्षे उभा आहे. मी कुठे गेलो नाही. लोक माझ्याकडे आले आणि मग एकेक करून येईनासे झाले, एवढीच माझी गोष्ट. तरी ती नीट ऐका. तिच्यात एक चूक आहे, आणि ती चूक चांगल्या माणसांच्या हातून झाली आहे.

मेलबर्नमधल्या एका तांबटाने मला घडवले. तळाशी विजेची वेटोळी तार बसवली, दोन कान लावले, तोटी गळते का ते पाहिले. सर्वांत शेवटी त्याने माझ्या पोटात हात घालून तळापासून चार बोटे उंचीवर एक पितळी खिळा ठोकला. ही वीस पेल्यांची खूण. पाणी या खिळ्याच्या वर असेल तरच वीज लावायची. पाणी खाली गेले की तार उघडी पडते, लाल होते आणि जळून जाते. म्हणून माणसे चारच असली तरी पाणी वीस जणांचे ठेवायचे. हा नियम त्याने एका पुठ्ठ्यावर लिहून माझ्या तोटीला बांधला होता. तो पुठ्ठा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी चूल पेटवायला वापरला. पण गावातल्या बायकांनी नियम एकमेकींना तोंडी दिला, सासूने सुनेला आणि सुनेने शेजारणीला, त्यामुळे तो टिकला.

विराबीलला वीज आली त्या वर्षी मी आलो. सभागृहात पहिले दिवे लागले त्या दिवशी मला दोनदा काठोकाठ भरावे लागले. गव्हाची कापणी नुकतीच आटोपली होती. प्रत्येक घरची बाई एकेक ताट घेऊन आली. अंड्याची सँडविचेस, मध्ये साय भरलेले केक, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन नावाचे छोटे केक. पुरुष दाराबाहेर आपापल्या गाड्यांना टेकून पावसाविषयी बोलत राहिले, कारण हाक आल्याशिवाय आत यायचे नाही असा शिरस्ता होता. मुलांची रांग सरबतासाठी पार रस्त्यापर्यंत गेली होती. तेव्हा मला वाटले, इथे आपल्याला कधी उसंत मिळायची नाही.

लोर्ना नॉस्की माझ्याकडे पहिल्यांदा आली ती नवी नवरी म्हणून. तिचे आणि ऑल्विनचे लग्न ल्यूथरन चर्चमध्ये लागले आणि फराळ इथे झाला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिच्या सासूने तिचा हात धरून माझ्या पोटात घातला आणि तो खिळा तिच्या बोटांना दाखवला. त्या दिवसापासून साठ वर्षे मला भरायचे काम लोर्नाने केले. तिची एक पद्धत होती. आधी ती वाढपाच्या खिडकीतून सभागृहात डोकावायची, माणसे मोजायची, आणि मग तेवढेच पाणी घालायची. तिचा अंदाज दोन पेल्यांपेक्षा जास्त कधी चुकला नाही. त्यामुळे पाणी माझ्या अंगाला कुठवर लागते, यावरून गाव केवढे उरले आहे ते मला समजे.

एकदा गव्हाच्या धसकटांना आग लागली. तीन दिवस ती विझेना. काजळलेल्या तोंडाची माणसे येत, उभ्यानेच चहा पीत आणि परत जात. तीन दिवस माझी तार विझली नाही. आग आटोक्यात आल्यावर कोणीतरी माझ्या पोटावर थाप मारून म्हणाले की या गड्यालाही टोपी द्या रे, हाही आपल्याच अग्निशमन दलातला. मला टोपी दिली नाही, पण लोर्नाने मला चिंच नसल्यामुळे लिंबू आणि मीठ लावून असे लखलखीत केले की तिचे स्वतःचे तोंड माझ्यात दिसायला लागले. पुढे एकदा सभागृहाला कोणीतरी स्टीलचा नवा बंब भेट दिला. मी दोन वर्षे कपाटामागे धूळ खात पडलो. मग तो गळायला लागला आणि मला पुन्हा फळीवर चढवले गेले.

मित्रांनो, शिकलेली माणसे गावाची माहिती कागदावर लिहून ठेवतात. मला ती पेल्यांवरून मिळायची. आधी सरबताची रांग आखूड झाली. मुले बारा वर्षांची झाली की शहरात शिकायला जायची, आणि शिकली की तिथेच राहायची. पाच शेतांचे एक शेत झाले, कारण एकच मोठे यंत्र पाच शेतांचे काम करू लागले. फुटबॉलचा आपला संघ शेजारच्या गावाच्या संघात विलीन झाला, मग तो जोडसंघ तिसऱ्या गावाच्या संघात. लग्नाचे चहा वर्षाला एक, मग तीन वर्षांत एक. मयताचे चहा मात्र वाढत गेले. साखरेच्या जागी औषधाच्या गोळ्यांसारख्या गोड गोळ्या आल्या. खिडकीशी येणाऱ्या हातांत पुरुषांचे हात कमी झाले. आणि मग लोर्ना पेले अर्धेच भरू लागली. पाणी कमी पडत होते म्हणून नव्हे. हात थरथरायचे, आणि भरलेला पेला खुर्चीपर्यंत पोहोचत नसे.

गावात आता एकशे एकतीस माणसे होती. निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची. चाळीसेक जण घरात एकेकटे. शाळेत नऊ मुले, आणि त्यांतली दोन मॅरिसेलची.

मॅरिसेल ही गावाची नर्स. फिलिपिन्सहून आलेली, बुटकी, भरभर चालणारी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती सभागृहाच्या बाजूच्या खोलीत बसायची. ऑल्विनला मधुमेह होता आणि त्याच्या पोटरीवरची जखम दोन वर्षे भरत नव्हती. ती धुवायला आणि बांधायला लोर्ना त्याला आठवड्यातून दोनदा घेऊन यायची. बाकीचेही कोणी रक्तदाब, कोणी गुडघे घेऊन येत, आणि आपला नंबर झाला तरी घरी जात नसत. माझ्याभोवती चहा घेत बसत. मंगळवार-शुक्रवार हे गावाचे सणच झाले होते म्हणा ना.

एका शुक्रवारी मॅरिसेल हात धुवायला स्वयंपाकघरात आली. लोर्ना माझ्या गरम अंगावर दोन्ही तळवे टेकून डोळे मिटून उभी होती. मॅरिसेलने विचारले की झोप झाली का. लोर्नाने डोळे उघडले. मग हळूच म्हणाली, “तुझे मंगळवार-शुक्रवार आहेत म्हणून मी उभी आहे गं. नाहीतर कधीच आडवी झाले असते.” आणि लगेच डोळे पुसून तिने बजावले, “हे बाहेर बोलू नकोस हं.”

हे वाक्य ऐकणारे आम्ही दोघेच. मॅरिसेल आणि मी.

त्याच महिन्यात टेगन नावाची एक तरुण मुलगी सरकारी कचेरीतून आली. गावात किती माणसे, किती वयाची, कोण एकटे, कोणाला कशाची गरज, याचे एक पूर्ण चित्र तिला तयार करायचे होते. त्या चित्रावरून पुढे कोणती सोय कोणत्या गावाला द्यायची ते ठरणार होते. ती हे सगळे नीट सांगत होती, हसून सांगत होती. मुलगी चांगली होती. सभागृहात सेहेचाळीस माणसे जमली. प्रत्येकाला एक कागद मिळाला. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे होते. एक म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे फार हाल. आपल्या आकड्याभोवती गोल काढायचा. मॅरिसेल त्या दिवशी दुसऱ्या गावी होती.

आता हे गाव कसे, ते तुम्हाला सांगायला हवे. इथे रस्त्यात कोणी भेटले की विचारायचे, बरा आहेस ना? आणि उत्तर द्यायचे, मजेत. पाय मोडला असला तरी मजेत. गहू जळून गेला तरी, चाललंय आपलं. आपले दुखणे चारचौघांत मांडणे म्हणजे ताटावर आधी झडप घालण्यासारखे. तशी झडप इथे कोणी घातली नव्हती.

बुटक्याने पहिला गोल काढला. बुटक्या म्हणजे ट्रेव्हर लेडलॉ. उंची साडेसहा फूट, म्हणून गावाने त्याला बुटक्या म्हटले. वय एक्याऐंशी. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “पाच नंबर खऱ्या आजाऱ्यांसाठी ठेवा. मला काय झालंय? गुडघे गेलेत, बाकी अख्खा आहे.” सगळे हसले आणि सगळ्यांनी एकाभोवती गोल काढायला सुरुवात केली.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे कागद लोर्ना भरत होती. तिची मैत्रीण व्हॉनी हिची नजर जवळजवळ गेली होती. दवाखान्यात जाणे किती अवघड वाटते, हा प्रश्न लोर्नाने तिला वाचून दाखवला.

व्हॉनी घुटमळली. “खरं सांगू का? मला आता रस्ताच दिसत नाही गं.”

“पण जातेस ना? बुटक्या नेतो ना तुला?” लोर्ना म्हणाली. “मग एक लिहिते. आपल्यापेक्षा वाईट दशेतली माणसं आहेत, त्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा?”

मग तिने स्वतःचा कागद घेतला. घरात आजारी माणसाची काळजी घेता का? हो. झेपते का? तिचा पेन्सिलीचा हात क्षणभर थांबला. मी खिडकीतून पाहत होतो. पाणी उकळीला आले होते, आणि मी जेवढा म्हणून आवाज करू शकतो तेवढा केला, झाकण खडखडवले, वाफ सोडली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, बंब उकळला असे म्हणाली, आणि उठता उठता एकाभोवती गोल काढून टाकला.

टेगनने कागद गोळा केले. ते चाळताना तिच्या कपाळाला आठी पडली. खरेच सगळे इतके ठीक आहे का, काही राहून गेले असेल तर अजून लिहिता येईल, असे तिने लोर्नाला दोनदा विचारले.

“अगं पोरी, आम्हाला काय धाड भरलीय?” लोर्ना म्हणाली. “चहा घे. गार होतोय.”

टेगनने चहा घेतला, दोन लॅमिंग्टन खाल्ले, सगळ्यांना माझ्याभोवती उभे करून एक फोटो काढला आणि ती गेली.

चार महिन्यांनी अहवाल आला. त्याच्या मुखपृष्ठावर तोच फोटो होता. मधे मी वाफा सोडत उभा आणि भोवती हसणारी माणसे. बुटक्या म्हणाला की बंब माझ्यापेक्षा देखणा आलाय. पाने हातोहात फिरली. मग लोर्नाने चष्मा लावून आतले वाचायला घेतले. या गावातील ज्येष्ठ नागरिक स्वावलंबी आणि समाधानी असून सेवांची निकड कमी आहे, असे एकोणिसाव्या पानावर होते. त्याच्या खाली होते की नर्सचे दोन्ही दिवस, ज्या गावाने अधिक गरज नोंदवली आहे त्या गावाला देण्यात येत आहेत.

 छपरावर गुलाबी पोपटांचा थवा उतरला होता, त्यांच्या नखांचा आवाज तेवढा येत होता.

“पण आपण खोटं कुठं बोललो?” व्हॉनीने विचारले. 

त्यांनी अर्ज केला. सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर सभ्य भाषेत आले. आपणच दिलेल्या माहितीवरून हा निर्णय झाला आहे, पुढील पाहणी पाच वर्षांनी होईल. बुटक्या म्हणाला, “पाच वर्षांनी गोल काढायला हा बंबच उरेल.” या वेळी कोणी हसले नाही. त्या दिवशी पेले विसळताना लोर्ना एकच वाक्य बोलली. मोरीकडे पाहून बोलली. “माझ्याच हातानं लिहिलं.”

मॅरिसेलच्या निरोपाला पाणी तेवीस पेल्यांचे होते. लोर्नाने तिला केकचे अख्खे ताट बांधून दिले आणि ताट परत पाठवू नकोस म्हणून सांगितले. तिच्याबरोबर तिची दोन मुले गेली. शाळेत सात उरली. पुढच्या वर्षी शाळा उघडली नाही.

ऑल्विनची जखम आता लोर्ना एकटी बांधू लागली. तिचे वय ब्याऐंशी, नजर अधू. दोन महिन्यांत पोटरी काळी पडली. हॅडलो हे मोठे गाव इथून एकशे दहा किलोमीटरवर. तिथल्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याखाली कापला, आणि मग तिथल्याच वृद्धाश्रमात त्याला एक खाट मिळाली. एकच मिळाली. लोर्नाच्या गाडीच्या परवान्यावर डॉक्टरांनी वीस किलोमीटरची मर्यादा लिहिली होती. त्यामुळे बुटक्या तिला एक आड एक गुरुवारी घेऊन जायचा. ती दर वेळी डब्यात अंड्याची दोन सँडविचेस न्यायची. परत येताना एक डब्यात असायचे.

ऑल्विन एका बुधवारी गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुरुवार होता.

त्याच्या मयताच्या चहाला मला पुन्हा काठोकाठ भरले. मुले आली, नातवंडे आली, पर्थहून, मेलबर्नहून. कितीतरी वर्षांनी पाणी माझ्या गळ्याला लागले. आणि खरे सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला आजही लाज वाटते. थोरला मुलगा स्वयंपाकघरात आला. आईच्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारले की एकटी राहशील ना नीट, सांग, काही हवे असेल तर सांग.

“मला काय होतंय?” लोर्ना म्हणाली. “तुम्ही उजेडात निघा. रस्त्यावर कांगारू येतात.”

ते उजेडात निघाले.

नर्स नव्हती, तरी लोर्ना मंगळवारी सभागृह उघडत राहिली. आधी आठ जण येत. मग पाच. व्हॉनीला तिच्या मुलीने दूर जिलाँग शहरात नेले, तेव्हा तीन. पाणी मात्र खिळ्याच्या वरच असे, वीस पेल्यांचे. उरलेले सतरा पेले पाणी निवले की लोर्ना मागच्या दारच्या गुलाबाला घालायची. त्या कोरड्या वर्षी सगळ्या गावात तो एकच गुलाब फुलला होता.

मग तो मंगळवार आला. लोर्नाने कुलूप काढले, कोट खुंटीला लावला आणि नेहमीसारखी खिडकीतून सभागृहात डोकावली. खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. ती तिथे फार वेळ उभी राहिली. मग तिने एक पेला घेतला, नळाखाली भरला आणि माझ्यात ओतला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. तिने झाकण लावले, वीज लावली आणि स्टुलावर जाऊन बसली.

एका पेल्याने माझा तळसुद्धा नीट ओला झाला नव्हता. ते पाणी पाहता पाहता उडून गेले. मग तार उघडी पडली. मी खडखडायला पाहिले, पण खडखडायलाही पाणी लागते. कल्हई वितळल्याचा कडू वास सुटला, मग धूर आला. लोर्ना माझ्याकडेच पाहत होती. साठ वर्षे जिने हा नियम पाळला, तिला तो त्या दिवशी आठवत नव्हता की आठवत असूनही तिने पाळला नाही, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

बुटक्या दारातून वाकून आत आला आणि त्याने वायर खेचून काढली. खिडकी उघडली. मग झाकण उचलून आत पाहिले.

“लोर्ना, पाणी किती घातलं होतंस?”

“एक पेला. माणूस एकच आहे.”

तो तिच्यासमोर दुसऱ्या स्टुलावर बसला. त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागत होते. त्याने तोच प्रश्न विचारला, जो या गावात सगळे सगळ्यांना विचारतात. “बरी आहेस ना?”

ती उत्तरासाठी तोंड उघडून थांबली. मला वाटले, आता ‘मजेत’ म्हणेल.

“नाही, ट्रेव्हर,” ती म्हणाली. “मी बरी नाही. त्या कागदावर लिहिलं तेव्हाही नव्हते.”

ट्रेव्हर म्हणून त्याला कोणी हाक मारल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. तो आपल्या मोठ्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मी पण नाही.”

ते लिहून घ्यायला आता तिथे कोणी नव्हते. बुटक्या उठला, त्याने नळाचे गार पाणी दोन पेल्यांत घेतले, आणि दोघे ते चहासारखे सावकाश प्यायले.

पुढचे थोडेच आहे. लोर्ना हॅडलोच्या त्याच वृद्धाश्रमात आहे. ऑल्विनची खाट मात्र दुसऱ्या कोणाला मिळाली होती. बुटक्याचे काय झाले ते मला माहीत नाही. सभागृहाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे तेही मला माहीत नाही. गुलाब पहिल्याच उन्हाळ्यात वाळला. मी फळीवर आहे. माझी तार जळली आहे, आणि माझ्या जातीची तार आता कोणी बनवत नाही. अहवालाची एक प्रत माझ्या शेजारी पडली आहे. तिच्यावर आम्ही सगळे अजून हसतो आहोत.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. पाणी प्यायला माणसेच नाहीत. पण तुमच्या ओळखीचे एखादे म्हातारे माणूस असेल. तुम्ही जाता-येता त्याला विचारत असाल, बरे आहात ना? आणि ते म्हणत असेल, मजेत. त्या शब्दावर उठून जाऊ नका. थोडा वेळ बसा. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. माझ्यासारखी त्यांचीही खूण आतल्या बाजूला असते. झाकण उचलल्याशिवाय ती दिसत नाही, आणि पाणी तिच्या खाली गेल्यावरही बाहेरचे तांबे बराच वेळ चकाकत राहते.